टिंब नसलेलं क्षेत्र

१

कुणाची तरी चूक काढल्याशिवाय क्षमा खांबेटेचा दिवस सुरू होत नसे, आणि घरात दुसरं माणूस नसल्यामुळे पहिला मान वडिलांचा असे.

“बाबा, ठोकू नका.”

वसंतरावांचा हा जुना चाळा होता. त्यांचा उभा जन्म चेन्नईजवळ आवडी इथल्या कारखान्यात ओतीव लोखंडाचे भाग तपासण्यात गेला होता. लहान हातोडीने दोनदा ठोकायचं आणि श्वास धरून ऐकायचं, ही तपासायची रीत. धड भाग घुमतो, आतून तडकलेला बद्द वाजतो. निवृत्त झाल्यावर हातोडी कारखान्यात राहिली आणि तिचं काम काठीच्या मुठीकडे आलं. भिंत, दार, नारळ, रिकामा डबा, पुढ्यात येईल ते ते ठोकत. टक टक. मग गप्प बसून ऐकत.

“एवढं काय ऐकता?”

“उत्तर देतंय का बघतो,” ते म्हणत. पण लेकीने दटावलं की लगेच थांबत. बायको गेल्यापासून तिचा शब्द ते मोडत नसत.

आईबापांनी मोठ्या हौसेने नाव क्षमा ठेवलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! पस्तिशीच्या आतच या बाईला जगातली बहुतेक माणसं बिनकामाची आहेत अशी खात्री पटली होती, आणि ती खात्री ती चेहऱ्यावर घेऊन फिरत असे.

चेन्नईत अड्यारला, नदी समुद्राला मिळते त्या बाजूला, तळमजल्यावर त्यांचं भाड्याचं घर होतं. पुढे हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर. हॉलमधून मागे एक अरुंद बोळ जाई. बोळात बिनखिडकीची एक कोठी होती, तिच्यात आईची ट्रंक. बोळाच्या टोकाला वसंतरावांची खोली. ती नंतर कधीतरी मागे वाढवून काढलेली, त्यामुळे तिच्या तीन बाजूंना नदीकाठचा चिखल आणि काटेरी झुडपं होती. बाकी कुणाचा शेजार नाही.

वरच्या मजल्यावर घरमालकीण त्रिपुरसुंदरी मामी. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. दिवसभर वसंतरावांकडे लक्ष त्याच ठेवत, आणि संध्याकाळी दोन वाट्या दहीभात घेऊन खाली येत. क्षमाने त्याचे आभार कधी मानले नाहीत. उलट ती म्हणे, हिचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरलं ते पुन्हा गाडीत चढलंच नाही.

२

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याच्या डोक्यावर तिचं ऑफिस होतं. दिवसभर खालून लोखंड कातल्याची किरकिर येई. मालक गुरुमूर्ती. धंदा नकाशांचा, पण स्वतःच्या घरचा रस्ताही ड्रायव्हरला विचारणारा माणूस, असं क्षमाचं मत. परदेशी सॉफ्टवेअरचा परवाना परवडेना, म्हणून त्यांनी सगळं काम खुल्या, मोफत सॉफ्टवेअरवर आणलं होतं. फुकट ते पौष्टिक! ते सॉफ्टवेअर अधूनमधून रुसायचं, आणि त्याची समजूत फक्त क्षमाला काढता यायची. जगभरचे लोक त्याच्या मेलिंग लिस्टवर अडचणी विचारत. क्षमा त्यांना एका ओळीचं उत्तर देई: आधी माहितीपुस्तिका वाचा.

सुनामीनंतरचं ते काम होतं. नदीच्या मुखापासून किनाऱ्याने किती घरं आहेत ती मोजायची. जे घर नकाशात येईल त्याला क्रमांक मिळणार, आणि क्रमांक असेल त्यालाच पुढे दुसरी जागा. उपग्रहाचं चित्र म्हणजे नुसते रंगीत चौकोनी ठिपके. त्यांतून छपरांच्या कडा शोधून रेषा काढायच्या. रेषांनी बंद झालेलं प्रत्येक क्षेत्र म्हणजे एक घर, आणि घराच्या आत एक टिंब. घराचा क्रमांक त्या टिंबाला चिकटलेला. टिंब नाही, तर ते घर नाही.

ठिपक्यांच्या रेषा केल्या की खूप बारीकसारीक कचरा उरतो. तो काढायला एक आज्ञा होती. तुम्ही मर्यादा सांगायची. तिच्यापेक्षा लहान क्षेत्र दिसलं की सॉफ्टवेअर ते पुसून, ज्याच्याशी त्याची हद्द सर्वांत लांब असेल त्या शेजाऱ्यात मिसळून टाकी. क्षमाला ही आज्ञा फार आवडे.

“अक्का,” कीर्तना एक दिवस म्हणाली. ही तिच्या हाताखाली नवीन लागलेली मुलगी. घरची मराठी, पण मराठी बोलताना शब्द तमिळमध्ये शोधणारी. “पुलाखालची ती लहान लहान घरं सगळी गेली की. काल बघितलेली मी. आत लोकं आहेत.”

“चार पत्रे आणि एक ताडपत्री. त्याला घर म्हणतेस?”

“पण अक्का, ते गेले कुठं?”

“शेजारच्यात मिसळले. जागा कुठं जात नाही, कीर्तना. फक्त रेघ जाते.”

मर्यादा थोडी खाली आणली असती तर ती घरं परत आली असती. पण मग कचराही परत आला असता, आणि तो हाताने वेचावा लागला असता. वेचण्याची कामं क्षमा करत नसे. गुरुमूर्तींना तिने सांगून ठेवलं होतं, की माझ्या नकाशाच्या अहवालात चुकांच्या जागी शून्य असेल. शून्य म्हणजे शून्य.

३

अहवालात शून्य आलं नाही. एक आलं.

टिंब नसलेलं क्षेत्र: एक.

तिने ते शोधलं. नदीच्या मुखात, ऐन पाण्यात, एक लहानसं क्षेत्र बंद झालेलं दिसत होतं. होडी असेल, नाहीतर ढगाचा तुकडा. तिने ते हाताने पुसलं आणि अहवाल पुन्हा काढला. एक. पुन्हा पुसलं, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. एक. कॉफीचा टंबलर तसाच निवत राहिला.

शेवटी नाक मुठीत धरून तिने लिस्टवर प्रश्न टाकला. ज्यांना आजवर माहितीपुस्तिका वाचायला पाठवलं, त्यांच्याच दारात आता ती उभी होती. संध्याकाळी कुणा परदेशी माणसाचं उत्तर आलं. सॉफ्टवेअर बरोबर सांगत असेल, तुम्ही त्या जागी जाऊन पाहिलंत का?

“पाण्यात जाऊन बघू!” ती मोठ्याने म्हणाली. “शहाणा आहे.”

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. उपग्रहाच्या चित्राबरोबर जुन्या सर्वेक्षणाचे नकाशेही या कामात जोडलेले होते. त्या नकाशांनी पृथ्वीचं एक माप धरलेलं असतं, उपग्रहाने दुसरं. दोन्ही एकत्र केले की वस्तू सरकून भलतीकडे पडतात. हे क्षेत्र जुन्या नकाशातून आलं असणार. तिने मापं जुळवून ते एकटं सरकवलं. ते पाण्यातून उठून जमिनीवर आलं आणि एका इमारतीच्या आत अगदी बेतून शिवल्यासारखं बसलं. एक तुकडा तेवढा मागे नदीकडे बाहेर आला.

रस्ता ओळखीचा होता. वळणही. ते तिचं स्वतःचंच घर होतं.

क्षमा हसली. चूक सापडली की माणूस हसतोच. पण ते क्षेत्र पडद्यावर मोठं करून पाहिल्यावर तिचं हसू थोडं आखडलं. आत रेघा होत्या. पुढे मोठा भाग, बाजूला एक, मधून अरुंद पट्टी, पट्टीला लागून एक छोटा चौकोन आणि मागे बाहेर आलेला तुकडा. उपग्रहाला छप्पर दिसतं, छपराखालच्या भिंती दिसत नाहीत. जुन्या सर्वेक्षणाच्या वेळी तर ती मागची खोली बांधलेलीच नव्हती.

कुणीतरी चावटपणा केला आहे, असं तिने ठरवलं. कीर्तना असेल. तिने कचऱ्याची मर्यादा थोडी वाढवून आज्ञा दिली. त्यातला सर्वांत छोटा चौकोन मुकाट्याने शेजारच्या भागात मिसळला. आता वळणावर येतंय, ती मनाशी म्हणाली.

४

घरी आली तेव्हा वसंतराव स्वयंपाकघरात भिंतीपाशी उभे होते. टक टक. कान लावून ऐकत होते.

“बाबा, ठोकू नका.”

ते थांबले. “क्षमा, अगं कोठी कुठं गेली?”

“कसली कोठी?”

“तुझ्या आईची ट्रंक ठेवलेली. तिची हिरवी साडी आहे तीत. आज काढून ऊन दाखवावं म्हटलं.”

“आपल्याकडे कोठी कधी होती? हॉल, स्वयंपाकघर, बोळ आणि तुमची खोली. आईच्या साड्या तिच्या मागोमाग वाटून टाकल्या आपण.”

“वाटल्या?” त्यांनी अगदी हळू विचारलं. “मला न विचारता?”

क्षमाला कीव आली नाही, चीड आली. डोकं चाललंय म्हाताऱ्याचं. आता डॉक्टर, गोळ्या, रात्रंदिवस हेच. स्वयंपाकघराची फरशी एका रेघेपासून पुढे वेगळ्या रंगाची होती, आणि तिथल्या नक्षीतलं फूल मधेच अर्धं कापलेलं होतं, हे तिच्या नजरेत आलं. ती घटकाभर त्या फुलाकडे बघत उभी राहिली. काहीतरी आठवणार असं वाटलं, आणि आठवलं नाही. मामीचा चिक्कूपणा, तिने ठरवलं. उरल्यासुरल्या फरश्या लावल्या असतील.

मामी दहीभाताच्या दोन वाट्या ठेवायला आल्या होत्या, त्या दारातूनच म्हणाल्या, “अप्पा सकाळपासून धुंडतात. पावम्, बिचारे, कांहीं हरवलें त्यांचें.”

“काही हरवलेलं नाही, मामी.”

“सेरि, सेरि, बरें,” मामी म्हणाल्या आणि वर गेल्या.

५

दुसऱ्या दिवशी अहवालात पुन्हा एक चूक होती, पण निराळी. टिंब आहे, क्रमांक नाही.

मागच्या तुकड्यात एक टिंब आलं होतं. क्षमाने ते ठेवलेलं नव्हतं. कीर्तनाला तिने सगळ्यांदेखत झापलं. पोरगी रडकुंडीला येऊन शपथेवर सांगत होती, की मी त्या फायलीला हात लावला नाही. रडणाऱ्या माणसांचा क्षमाला मनस्वी तिटकारा होता.

टिंब पुसलं. परत आलं. क्रमांक द्यायला गेली, तर घेईना. मग तिने मर्यादा आणखी वाढवली, आणि मधली अरुंद पट्टी हॉलमध्ये मिसळून गेली. मागचा तुकडा आता सुटा पडला होता. समोर भिंत आणि उरलेल्या तीन बाजूंना नदी.

तेवढ्यात मोबाइल वाजला. वसंतराव.

“क्षमा, मला बाहेर येता येत नाहीये.”

“दाराला कडी लागली असेल. मामींना हाक मारा.”

“दार नाहीये गं. सगळीकडून भिंत आहे. मी ठोकून बघितली. बद्द वाजते.” त्यांचा आवाज रडवेला नव्हता. कारखान्यात साहेबाला अहवाल द्यावा तसं ते सांगत होते. “बोळच नाहीये.”

“कसला बोळ? बाबा, गोळी घेतलीत का?”

“घेतली.”

“मग पडून राहा. मी आज जरा लवकर येते.”

“ये,” ते म्हणाले. “फोन ठेवू नकोस पण.”

तिने फोन चालूच टेबलावर ठेवला, कारण वाद घालत बसण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यातून बारीक आवाज येत राहिला. टक टक. मग शांतता. टक टक.

पडद्यावर नकाशा पुन्हा काढला गेला. मागच्या तुकड्यातलं टिंब मघाशी मधोमध होतं. आता ते हॉलकडच्या रेघेला टेकलं होतं. फोनमधून टक टक झालं. नकाशा आणखी एकदा काढला, तेव्हा टिंब त्याच रेघेवर थोडं डावीकडे सरकलं होतं, भिंत चाचपत जाणाऱ्या माणसासारखं.



६

“झालं का?” गुरुमूर्ती दारात उभे होते. नकाशा मागवणाऱ्या सरकारी खात्याचा माणूस सीडी न्यायला बाहेर येऊन बसला होता.

“एक राहिलंय.”

“एकच ना? राहू दे, अम्मा. त्याला उद्या बोलावतो. नाहीतर एक चूक आहे असं लिहून देऊ. देव नाही आपण.” माणूस खरोखर चांगुलपणाने बोलत होता.

राहू दे. उद्या. देव नाही आपण. क्षमाला वाटलं, या देशात सगळं सडतं ते याच तीन वाक्यांनी.

तिला त्या क्षणी कळलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये. पुरतं कळलं होतं. फोन उचलून घराकडे धावत सुटावं, असं तिच्या पायांना वाटत होतं, आणि तिचे पाय तिच्या डोक्यापेक्षा शहाणे होते. पण डोकं म्हणालं, काय सांगणार आहेस यांना? पडद्यावरचं टिंब हललं म्हणून नकाशा देत नाही? मग तुझ्यात आणि घरावरून नारळ ओवाळणाऱ्या मामीत फरक तो काय? गुरुमूर्ती हसतील. कीर्तना हसेल, ती रडकी कीर्तना! तिला बापाच्या जिवाची भीती वाटली त्याहून आपलं हसं होण्याची जास्त वाटली. हे एवढंच खरं आहे, बाकी सगळ्या सबबी.

“एक मिनिट थांबा,” ती म्हणाली. “शून्य म्हणजे शून्य.”

तिने मर्यादा शेवटची वाढवली. मागच्या तुकड्याची सर्वांत लांब हद्द नदीकाठाशी होती.

टक टक, फोन म्हणाला.

तिने एंटर दाबलं. खालची लेथ किरकिरत होती. टिंब क्षणभर रेघेवर दिसलं, मग रेघ गेली आणि तिच्याबरोबर तेही.

चुका: शून्य.

सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटून तिने सुटकेचा श्वास सोडला. गुरुमूर्तींनी टाळ्या वाजवल्या. टेबलावर मोबाइल चालूच होता. पडद्यावर नाव नाही, पलीकडून आवाज नाही. आपण कुणाशी बोलत होतो, हे तिला आठवेना. राँग नंबर असेल. तिने फोन बंद केला.

७

काम वेळेत संपल्यामुळे ती उजेड असतानाच घरी पोचली. हॉल आणि स्वयंपाकघर. एकट्या बाईला पुरे होतं. गेली कित्येक वर्षं ती इथे एकटी राहत होती, आणि माणसांचा त्रास नाही म्हणून खूश होती.

कोपऱ्यात एक काठी टेकून ठेवली होती. मामी विसरल्या असणार. मूठ एका बाजूने झिजून चपटी झाली होती.

दिवेलागणीला मामी दहीभात घेऊन खाली आल्या. वाट्या टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“अय्यो. दोन कां आणलें मी?”

“मला काय विचारता? तुम्हीच आणल्यात.”

“रोज दोनच आणतें की.” मामींनी हॉलभर नजर फिरवली, मग मागच्या भिंतीकडे बघितलं. “कोणासाठीं, अम्मा? दुसरें कोणासाठीं?”

“वय झालं तुमचं, मामी,” क्षमा म्हणाली. “जा, पडा जरा. काठी न्या तुमची.”

“ती माझी नाहीं,” मामी म्हणाल्या, आणि का कोण जाणे, काठीला हात न लावता जिन्याकडे वळल्या. जाताना पदराने डोळे पुसत होत्या. म्हाताऱ्या माणसांना रडायला कारण लागत नाही.

क्षमा जेवायला बसली. पहिला घास तोंडात होता, तेव्हा ऐकू आलं.

टक टक.

मागच्या भिंतीतून. तिने घास गिळला. पाइप असेल. पण पाण्याची लाइन पुढच्या बाजूला होती. शेजारी असेल. पण त्या भिंतीपलीकडे शेजारी कुठला? चिखल, झुडपं आणि नदी. खेकडे असतील, घूस असेल, भरतीचं पाणी काहीतरी लाकूड आणून आपटत असेल. तिने एकामागून एक कारणं लावली, आणि प्रत्येक कारणानंतर ते पुन्हा झालं. टक टक. मग शांतता. ती शांतता आवाजापेक्षा वाईट होती. आवाज कशाचाही असू शकतो. त्या शांततेत मात्र कुणीतरी ऐकत होतं.

ती उठून भिंतीजवळ गेली. भिंतीचा रंग एका ठिकाणी हात फिरून फिरून काळवंडला होता. दाराच्या चौकटीजवळ काळवंडतो तसा, माणसाच्या खांद्याच्या उंचीला. चौकट मात्र नव्हती. तिने तिथे तळहात ठेवला. पलीकडून, अगदी तिच्या हाताखालीच, टक टक झालं.

क्षमाला एकदम रडू फुटलं. भरभरून, लहान मुलासारखं. कशासाठी ते तिला समजेना, आणि समजत नाही याचाच तिला संताप आला. समजत नसताना रडणारी माणसं तिला आयुष्यभर बावळट वाटत आली होती.

“ठोकू नका!” ती भिंतीवर ओरडली.

ठोकणं थांबलं. लगेच थांबलं, सांगितलेलं ऐकणाऱ्या माणसाचं थांबतं तसं.

ती बराच वेळ भिंतीशी उभी राहिली. पुन्हा काही वाजलं नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरही कधी नाही. बाहेर नदीला भरती लागली होती आणि चिखलाचा वास खिडकीतून आत येत होता. तिने डोळे पुसले, स्वतःची वाटी संपवली आणि दुसरी झाकून फ्रिजमध्ये ठेवली.